‘सरकारची भूमिका’ की ‘सरकारचे काम’?

‘राष्ट्रीय शाश्वत विकास व सार्वजनिक गृहनिर्माण यांत सरकारची भूमिका’ हे भाषांतरित शीर्षक मराठीत योग्य आहे का, असा प्रश्न आहे.

व्याकरण ठीक आहे, अर्थ मात्र निसटतो. नाटकातली भूमिका वठवायची असते, वादातली भूमिका घ्यायची असते. मागे ‘सरकारची’ लागलं की वाचकाच्या मनात दुसरा अर्थ आधी येतो, कारण ‘सरकारने भूमिका स्पष्ट करावी’, ‘सरकारची भूमिका बदलली’ ही वाक्यं रोज कानावर पडतात. इथे मत सांगायचं नसून काम सांगायचं आहे: जमीन मिळवणं, पाणी आणि मलनिस्सारण पोचवणं, घरं बांधणं, पात्रता ठरवून वाटप करणं, पुढची दुरुस्ती बघणं. म्हणून सरळ ‘सरकारचे काम’ लिहावं. कायद्याने बंधन असेल तर ‘जबाबदारी’.

‘शाश्वत’ राहू द्या. विकास कुठे अविनाशी असतो, असा आक्षेप घेतात. पण ‘पाण्याची शाश्वती नाही’ म्हणताना आपल्याला भरवसाच अभिप्रेत असतो. संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरण व विकास या विषयावर नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ची व्याख्याही तीच दिशा धरते: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता कमी होऊ न देणं. हिंदीतला ‘सतत विकास’ तेवढा उचलू नका. मराठीत ‘सतत’ म्हणजे न थांबता, आणि मग अर्थ उलटाच होतो.

‘सार्वजनिक’ अधिक अवघड. सार्वजनिक वाचनालयात कोणीही जातो. ‘सार्वजनिक घरे’ लिहिलं की धर्मशाळा वाटते. ‘सरकारी घर’ म्हणजे कर्मचाऱ्याचं क्वार्टर. ‘सार्वजनिक गृहनिर्माण’ बांधकामापुरतं चालतं, पण गळकं छत आणि बंद लिफ्ट यांचं काय, हे त्यात येत नाही. तिथे ‘सरकारने बांधलेली भाड्याची घरे’ असं फोडून लिहिणं मला बरं वाटतं.

विकलेल्या घरांबाबत आणखी एक खड्डा आहे. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेलं गृहनिर्माण व विकास मंडळ ९९ वर्षांच्या पट्ट्याने, म्हणजे तेवढ्या मुदतीपुरत्या हक्काने, घरं विकतं. तिथली कुटुंबं मालक म्हणूनच मोजली जातात. पण त्यांना ‘घरमालक’ लिहिलंत, तर मराठी वाचकाला भाडं वसूल करणारा माणूस दिसेल. ‘स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबे’ लिहा, आणि पट्ट्याची मुदत पहिल्याच उल्लेखात द्या.