निर्वासित, स्थानबद्ध, नजरकैद: कुणाला काय म्हणायचं?

सर, नमस्कार. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनी दुसऱ्या महायुद्धावर मजकूर लिहिलाय. त्यात एक वाक्य आहे : "युद्धकाळात अमेरिकेतील जपानी लोकांना सुरक्षिततेसाठी निर्वासित छावण्यांमध्ये हलवण्यात आले." यातला 'निर्वासित छावणी' हा शब्द तुम्हाला खटकला. त्याऐवजी 'स्थानबद्ध' लिहावं की 'नजरकैद', आणि या दोहोंत नेमका फरक काय, असं तुम्ही विचारलंय.

खटकलं ते योग्यच. पण त्या वाक्यात आणखी तीन शब्द असे आहेत की ते तपासल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एकेक घेऊ.

'निर्वासित' म्हणजे वस्तीतून बाहेर काढला गेलेला, आसरा शोधत आलेला माणूस. कोल्हापूरकरांना हा शब्द पुस्तकात शोधायची गरज नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहून गेले, बहुतेक बायका आणि पोरं. ते गेले आणि फाळणीनंतर आलेले सिंधी लोक त्याच जागेवर वसले. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर हेच. माझी आजी तिथून जवळच्याच गावची. तिच्या तोंडी 'निर्वासित' हा शब्द कधीच आला नाही, ती 'कँपातली लोकं' म्हणायची. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "म्हणजे कैदी होती काय गं?" तर ती जवळजवळ रागावलीच. "कैदी कशाला असतील? बाजाराला यायची की! बायका भाजी निवडून निवडून घ्यायच्या." आजीची ही कसोटी मला अजूनही पुरते. बाजाराला जाऊन परत यायची मुभा आहे, तर तो निर्वासित. फाटकावर बंदूकधारी उभा आहे आणि परवानगीशिवाय पाऊल बाहेर टाकता येत नाही, तर दुसरा शब्द शोधायला हवा.

हीच पोलिश माणसं वळिवड्याला येण्याआधी काय होती, तेही बघण्यासारखं आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला, तिथल्या रहिवाशांवर सोव्हिएत नागरिकत्व लादलं, आणि १९४० - ४१ मध्ये लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया - कझाकस्तानकडं नेलं. तेव्हा ती हद्दपार होती, आणि त्यांतली कितीतरी श्रमछावण्यांत बंदीही होती. पुढं हिटलरनं रशियावर चाल केली, पोलंडशी करार करण्याची वेळ आली आणि १९४१ मध्ये त्यांना सोडण्यात आलं. सोडण्याच्या त्या हुकमाला सोव्हिएत सरकारनं दिलेलं नाव होतं 'माफी'. गुन्हा कुठला, तर काही नाही. पण माफी म्हटलं की गुन्हा होता असं आपोआप ठरतं. इराणमार्गे ती मुंबईला आणि तिथून आपल्याकडं आली. पाच वर्षांत एकाच बाईला हद्दपार, बंदी, 'माफी मिळालेली' आणि निर्वासित अशी चार नावं लागली. बाई तीच. नाव बदलत होतं सरकारच्या गरजेप्रमाणं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'नजरकैद' हा अरबी - फारसीतून आलेला जुना शब्द. कैद आहे, पण बेडी नाही, माणसावर नजर आहे. आग्र्याला १६६६ मध्ये शिवाजी महाराज नजरकैदेत होते असं आपण शाळेपासून वाचतो. माणूस मोठा असतो, त्याला कोठडीत टाकणं सोयीचं नसतं, म्हणून वाड्याभोवती पहारा बसतो. शब्दाचा भर माणसावर आणि पहाऱ्यावर आहे. (हल्ली बातम्यांत 'नजरबंद' ऐकू येतं. ते हिंदीतून आलंय. मराठीत नजरबंदी हा जादूगाराचा खेळ आहे, बघणाऱ्याच्या डोळ्यांना भुरळ घालण्याचा. नजरकैद हा शब्द आपल्याकडं असताना तो सोडू नये.)

'स्थानबद्ध' संस्कृत घडणीचा, कायद्याच्या भाषेतला. यात भर जागेवर आहे : अमुक हद्द ओलांडायची नाही. ती हद्द एक खोली असेल, छावणी असेल किंवा अख्खा जिल्हा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते त्याला आपण स्थानबद्धताच म्हणतो. घर होतं, संसार होता, गावात वावर होता, पण जिल्ह्याबाहेर जायचं नाही. याच्या उलटा शब्द 'तडीपार'. तड म्हणजे काठ, 'काम तडीस नेणं' यातली तीच तड. तडीपार माणसाला काठापलीकडं घालवतात, स्थानबद्धाला आत बांधून ठेवतात.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचं उदाहरण आपल्या चौकातच आहे. चिमासाहेब चौकातून आपण रोज जातो. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी चिमासाहेब महाराजांना, म्हणजे तेव्हाच्या छत्रपतींच्या भावाला, कोल्हापुरातून उचलून पार कराचीला नेऊन ठेवलं. १८६९ मध्ये ते तिथंच वारले. कोल्हापूरच्या बाजूनं बघितलं तर ते हद्दपार, कराचीच्या बाजूनं बघितलं तर नजरकैदेत. 'शिक्षा' हा शब्द मात्र लावू नये, कारण ती खटल्यानंतर होते.

खटल्याची गोष्ट इथं सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून जरा थांबतो. कैदी म्हणजे ज्यानं काहीतरी केलं आणि ते सिद्ध झालं. स्थानबद्ध म्हणजे जो पुढं काहीतरी करेल असं सरकारला वाटतं. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात 'अटक' आणि 'स्थानबद्धता' हे शब्द वेगवेगळे आहेत ते उगाच नाही. आज पेपरात 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' (एमपीडीए म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाला आधीच अडकवण्याचा राज्याचा कायदा) असं वाचतो, तेव्हा तो माणूस प्रत्यक्षात कारागृहातच असतो, पण त्या हुकमामागं शिक्षेचा निकाल नसतो.

या 'सरकारला वाटतं' वर दुसऱ्या महायुद्धात मोठे खटले झाले, आणि शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसानं ते जरूर वाचावेत. इंग्लंडमधल्या नियमात होतं की गृहमंत्र्याला 'वाजवी कारण असेल' तर तो माणसाला स्थानबद्ध करू शकतो. १९४१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं बहुमतानं ठरवलं की मंत्र्याला तसं वाटत असलं की पुरे. एकटे लॉर्ड अॅटकिन विरोधात गेले. त्यांचं म्हणणं अगदी व्याकरणाच्या शिक्षकासारखं होतं : 'घोटा मोडला असेल तर' याचा अर्थ 'घोटा मोडलाय असं वाटत असेल तर' असा कधीच होत नाही. आपल्याकडं १९३९ च्या भारत संरक्षण कायद्यात 'वाजवी संशय' हवा होता, पण त्याखाली केलेल्या २६ व्या नियमात सरकारची नुसती 'खात्री' पुरे धरली होती. या नियमाखाली स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टानं, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या न्यायालयानं, १९४३ च्या एप्रिलमध्ये हा फरक पकडला आणि नियम कायद्याबाहेरचा ठरवला. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी, अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल, शिवाय देशभरातले हजारो लोक आत होते, आणि एका शब्दानं सरकारचा पाया हलला. थोड्याच दिवसांत वटहुकूम काढून कायद्यातले शब्दच बदलले गेले, तेही मागल्या तारखेपासून. न्यायालयात शब्द जिंकला तो असा किती दिवस टिकला ते बघा.

तुमच्या अमेरिकेकडं येतो. १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडायला लावून दहा छावण्यांत ठेवलं. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकेचे नागरिक होते. सरकारी कागदात याला 'स्थलांतर' म्हटलं, छावण्यांना 'पुनर्वसन केंद्रं' म्हटलं. खांबाखांबांवर चिकटवलेल्या जाहीर हुकमांत तर लिहिलं होतं की जपानी वंशाच्या सर्व व्यक्तींनी निघायचं, 'परदेशी आणि बिगर - परदेशी' दोघांनीही. हा 'बिगर - परदेशी' कोण? नागरिकच. पण 'नागरिक' लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं विचारलं असतं, नागरिकाला का म्हणून काढताय? तो प्रश्न उठू नये म्हणून हा ओबडधोबड शब्द घडवला गेला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सुन्न झालो होतो. एका उपसर्गानं माणसाचा देश काढून घेता येतो.

मुलांनी लिहिलेलं 'जपानी लोक' नकळत तेच करतं. मराठीत 'जपानी', 'चिनी' हे शब्द देशाला आणि वंशाला एकच आहेत, त्यामुळं आपल्याला जास्त जपावं लागतं. आपल्या देशातही १९६२ च्या युद्धात हे घडलं. आसाम, बंगाल, शिलाँगकडच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. कितीतरी जण इथंच जन्मलेले होते, काहींना तर चिनी नीट बोलताही येत नव्हतं. त्यांना नुसतं 'चिनी' म्हणायचं की 'चिनी वंशाचे भारतीय', यावर पुढचं वाक्य सगळं बदलतं. ही देवळी म्हणजे तीच, जिथं १९४१ मध्ये इंग्रजांनी जयप्रकाश नारायण यांना ठेवलं होतं.

आता कुठला शब्द वापरायचा? युद्धात शत्रुदेशाच्या नागरिकांना अडकवून ठेवतात, त्याला स्थानबद्धता म्हणावं, ते कायद्याला धरून होईल. साताऱ्यात आणि पुरंदरावर जर्मन लोक ठेवले होते ते स्थानबद्धच. त्यांत हिटलरच्या छळातून पळून आलेले ज्यूही सापडले, कारण पासपोर्ट जर्मन. म्हणजे एकाच वेळी निर्वासितही आणि स्थानबद्धही. पण स्वतःच्याच नागरिकांना कोंडलं तर 'स्थानबद्ध' मला सौम्य वाटतो. मी 'बंदिवास' आणि 'बंदिछावणी' लिहीन. 'छळछावणी' मात्र नको. मराठी वाचकाच्या मनात तो शब्द नाझींच्या छावण्यांशी पक्का जोडलाय, तो तिथंच राहू द्यावा. 'नजरकैद' इथं बसत नाही, एवढ्या जनसमुदायाला नजरकैद होत नसते.

'सुरक्षिततेसाठी' तर काढूनच टाका. छावणीच्या मनोऱ्यांवरच्या बंदुका आतल्या बाजूला रोखलेल्या होत्या, असं तिथं राहिलेल्यांनी सांगून ठेवलंय. अमेरिकेनं १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले, तेव्हा त्या कायद्यातच लिहिलं की हे सुरक्षेच्या पुरेशा कारणाविना घडलं.

राहिलं 'हलवण्यात आले'. आपल्या सरकारी मराठीत आणि पेपरांत 'करण्यात आले', 'ठेवण्यात आले' इतकं रुळलंय की त्यात कर्ता गायब झालाय हे लक्षातच येत नाही. पोरांना कर्ता शोधायला लावा. कुणी हलवलं? हा व्याकरणाचा तास होईल आणि इतिहासाचाही.

मुलांच्या भित्तिपत्रकासाठी मी वाक्य असं करीन, पटलं तर घ्या : "१९४२ मध्ये अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, खटला न चालवता काटेरी तारांमागच्या बंदिछावण्यांत कोंडले." आणि जागा उरली तर त्याच्या शेजारी वळिवड्याच्या 'निर्वासित छावणी'चा एखादा फोटो लावा.