जर्मन ऑपेरागायक फ्रिट्झ वुंडरलिश जेमतेम अकरा वर्षं गायला, तरी त्याचं नाव इतक्या आदराने का घेतात? आणि तो पुच्चिनीचे इटालियन ऑपेरासुद्धा जर्मनमध्ये का गातो?

नुसता आवाज गोड असून नाव साठ वर्षं टिकत नाही. वुंडरलिशचा शब्द न् शब्द कळतो आणि तरीही सूर कुठे तुटत नाही. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातलं राजपुत्र टामिनोचं गाणं ऐका, वाद्यवृंद-संचालक कार्ल ब्योमच्या 1964 च्या रेकॉर्डिंगमधलं. टामिनो एका मुलीचं चित्र बघून तिच्या प्रेमात पडतो. सुरुवातच मंद्र पंचमावरून थेट गंधारावर झेप घेऊन होते. बरेच गायक तो गंधार जोर लावून गाठतात. हा नुसता तिथे जाऊन उभा राहतो. आवाज खाली जितका मोकळा, तितकाच वर.

जन्म 1930 चा, जर्मनीतल्या कुझेल गावातला. पाच वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. आई व्हायोलिन वाजवायची. घरात पैसा नव्हता, म्हणून पोरवयातच तो नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवू लागला. फ्रायबुर्गला गाण्याबरोबर हॉर्न हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्यही शिकला. त्याचा दमसास तिथेच कमावलेला असावा, असं मला वाटतं.

1955 मध्ये तो श्टुटगार्टच्या ऑपेरात लागला. जर्मन ऑपेरागृहं गायकांना पगारावर ठेवतात. नवखा छोट्या भूमिका करत राहतो आणि एखादा ज्येष्ठ आजारी पडला की त्याला संधी मिळते. तिथला ज्येष्ठ गायक योझेफ ट्राक्सेल आजारी पडला आणि वुंडरलिश टामिनो झाला. पुढे फ्रँकफर्ट, म्यूनिक, व्हिएन्ना.

पियानोच्या साथीने कविता गाण्याचा प्रकार, म्हणजे ‘लीड’, त्याला उशिरा साधला. पियानोवादक हुबर्ट गीझेनबरोबर बसून त्याने त्यावर कसून मेहनत घेतली. शूमानची ‘डिष्टरलीबं’ ही गीतमाला ऐकली की ती मेहनत कळते. 4 सप्टेंबर 1966 ला एडिंबरात त्याची शेवटची मैफल झाली. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गायचं होतं. त्याआधीच मित्राच्या शिकारघरात जिन्यावरून पडला आणि 17 सप्टेंबरला गेला. छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. मला हे अजूनही सहन होत नाही.

आता पुच्चिनी. प्रेक्षकांना गोष्ट कळावी म्हणून तेव्हा जर्मनीत परदेशी ऑपेरा सर्रास भाषांतर करून गात. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधलं वुंडरलिशचं गाणं मला जर्मनमध्येही पटतं. इटालियनच हवं असेल, तर गायिका टेरेसा स्ट्रॅटासबरोबरचा 1965 चा म्यूनिकमधला व्हर्डीचा ‘ला त्राव्हियाता’ शोधा.