राजदूत व्हायचंय? आधी तृतीय सचिव

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, कला शाखा, मराठी माध्यम. डॉ. कोटणीसांचं स्मारक पाहून आल्यापासून चीनचं वेड लागलंय, ‘तिथे राजदूत होणार’ म्हणते. एका संस्थेने ‘डिप्लोमसी’चा दीड लाखाचा डिप्लोमा सुचवलाय. करावा का? वशिला लागतो का? आणि ज्यांच्याशी आपलं पटत नाही, त्या देशात जाऊन ती करणार काय? – एक पालक, सोलापूर

नमस्कार. दीड लाख तूर्त खिशातच राहू द्या. भारतीय परराष्ट्र सेवेत जायला असा कुठलाही डिप्लोमा लागत नाही. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. वशिल्याचं म्हणाल, तर सरकार अधूनमधून सेवेबाहेरच्या माणसालाही राजदूत नेमतं. विजयालक्ष्मी पंडित अशाच मॉस्कोला गेल्या होत्या, आणि चीनमधले आपले राजदूत के. एम. पणिक्कर मूळचे इतिहासकार. पण अशा नेमणुकीची तयारी काय करणार? तो विषय सोडून द्या.

तुमचा तिसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण त्याच्या उत्तरात हे करिअर नीट दिसतं. नव्या चीनशी आपले राजनैतिक संबंध १ एप्रिल १९५० ला सुरू झाले. साम्यवादी गटाबाहेरचा असा पहिला देश आपणच. मग सीमेवरून बिनसलं, १९६१ मध्ये आपले राजदूत जी. पार्थसारथी परत आले, आणि पुढची पंधरा वर्षं बीजिंगला भारताचा राजदूतच नव्हता. मधे १९६२ चं युद्ध होऊन गेलं. दूतावास मात्र बंद झाला नाही. प्रमुख म्हणून तिथे हाताखालचा अधिकारी बसायचा. त्याला प्रभारी राजदूत म्हणतात.

ते दिवस सोपे नव्हते. जून १९६७ मध्ये, चीनचे सर्वेसर्वा माओ यांच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, तिथल्या आपल्या दोन तरुण अधिकाऱ्यांवर हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांची हकालपट्टी झाली. विमानतळावर रेड गार्ड्सनी, म्हणजे माओंच्या तरुण अनुयायांनी, त्यांना मारहाण केली. त्यातले के. रघुनाथ तेव्हा द्वितीय सचिव होते. तीस वर्षांनी तेच भारताचे परराष्ट्र सचिव झाले. मुलीला हा प्रसंग जरूर सांगा. घाबरवायला नव्हे, पण पार्ट्या आणि झेंड्यांच्या फोटोंत हे दिसत नाही.

त्यानंतरचा मे दिन, १९७०. बीजिंगच्या तिएनआनमेन दरवाजाच्या सज्जात परदेशी दूत रांगेत उभे. राजनैतिक शिष्टाचारात प्रभारी अधिकाऱ्यांचा नंबर राजदूतांच्या मागे, त्यामुळे आपले प्रभारी राजदूत ब्रजेश मिश्र बरेच शेवटी. हस्तांदोलन करत आलेले माओ त्यांच्यापाशी थांबले, हसले आणि असं भांडत राहणं बरं नव्हे, पुन्हा मैत्री व्हायला हवी, अशा अर्थाचं बोलले. अर्ध्या मिनिटाची गोष्ट. पण शब्द नेमके कोणते, सूर कसा, हे टिपून दिल्लीला तार करणं, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हेही सुचवणं, हे मिश्रांचं काम होतं. लगेच काही फळ आलं नाही. १९७६ मध्ये के. आर. नारायणन राजदूत म्हणून गेले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पटत नाही त्या देशात माणूस काय करतो, ते हे.

नारायणन सेवेत आले १९४९ मध्ये. राजदूतपद पहिल्यांदा मिळालं १९६७ ला, थायलंडमध्ये. म्हणजे अठरा वर्षं खालच्या पायऱ्यांवर गेली. आजही क्रम तसाच आहे : तृतीय सचिव, द्वितीय, प्रथम, मग कौन्सेलर, आणि पुढे राजदूत. (राष्ट्रकुलातल्या देशांत त्यालाच उच्चायुक्त म्हणतात.) सुरुवातीला प्रशिक्षणाला मसुरीची अकादमी, मग दिल्लीची परराष्ट्र सेवेची सुषमा स्वराज संस्था, मग एक परकीय भाषा आणि ती जिथे बोलतात तिथे पहिली नेमणूक. चिनी मिळेलच असं नाही. अरबी मिळाली तर? हे तिला आजच विचारा. तिचं उत्तर ‘मग नको’ असेल, तर तिला चीनचा अभ्यास हवाय, परराष्ट्र सेवा नको, आणि त्यात वाईट काही नाही.

मिळाली, तर आपल्याकडचं उदाहरण आहे. पुण्यात जन्मलेले विजय गोखले १९८१ च्या तुकडीचे. चिनी शिकले, हाँगकाँग, तैपेई, बीजिंग असं त्याच भागात बरंच काम केलं आणि डोकलामच्या सीमातणावाच्या वेळी, २०१७ मध्ये, बीजिंगला राजदूत होते.

मराठी माध्यमाची काळजी करू नका. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते, इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरात उत्तीर्ण होण्यापुरते गुण पुरतात. नोकरीत मात्र रोजचा मसुदा इंग्रजीत, तेव्हा आतापासून रोज पानभर इंग्रजी लिहू दे. जागा फार कमी असतात, गेल्या काही वर्षांत वर्षाला पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान. म्हणून दुसरं दारही माहीत असू द्या. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी, दहावीची नव्हे) सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, त्यांनाही दूतावासांत पाठवतात.

आता लगेच करायचं ते एवढंच. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात चिनी भाषेची बी.ए. ऑनर्स आहे, प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर. तिने तो फॉर्म भरावा. नाही जमलं तर सोलापुरातच इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन पदवी करू दे. त्यासाठी पुण्यात खोली घ्यायची गरज नाही.