नव्याने उपासनेला येणाऱ्यास

देवाला प्रसन्न करायचं म्हणजे नवस बोलायचा, हा समज आधी सोडा. 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधी (सणाआधी) जुन्या गोव्यात नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, चालते. तिथे मेणबत्ती जरूर लावा, पण देवाशी सौदा करू नका.

मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या कॅथलिक सामूहिक उपासनेची, तयारी घरीच सुरू होते. आपल्याकडे गोव्यात बहुतेक मिस्सा कोकणीत आणि पुस्तकं रोमी लिपीत, त्यामुळे मराठी वाचणारा नवखा माणूस बायबलच्या वाचनांच्या वेळी हरवतो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. संदर्भ शनिवारी मिळवून मराठी बायबलमधून दोनदा वाचा. पहिलं वाचन आणि शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं वाचन) यांचा धागा बहुधा जुळतो, तो शोधा. ख्रिस्तप्रसादापूर्वी (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीपूर्वी) एक तास पाणी आणि औषध सोडून काही घेऊ नका. बाप्तिस्मा झाला नसेल तर ख्रिस्तप्रसाद न घेता जागेवरच प्रार्थना करा. त्यात कमीपणा नाही.

खरी कसोटी चर्चबाहेर आहे. बायबलमधल्या मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. वडिलार्जित घराच्या वाटणीवरून भावंडं वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि एकाच चॅपेलात गुडघे टेकतात! तुमचं असं असेल तर पहिलं पाऊल तुम्हीच टाका, चूक कुणाचीही असो. कुणाची मजुरी थकवली असेल तर तीही रविवारपूर्वी द्या. बायबलमधलं याकोबाचं पत्र (5:4) याबाबत फार कडक आहे.

रोज सकाळी दहा मिनिटं पुरेत: एक स्तोत्र, मग आभार, शेवटी मागणं. एकदम तासाने सुरुवात केली की उत्साह लवकर ओसरतो.