अडीच महिन्यांच्या उन्हासाठी घर विकायचं का?

पत्र जुळे सोलापुरातून आलंय. लिहिणारे काका ६१ वर्षांचे, एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. काकू ५८ च्या, मुलगा पुण्यात. स्वतःचं रो-हाऊस आहे, २००४-०५ मध्ये ९ लाखांत घेतलेलं. आज त्याला ५२ लाखांचं गिऱ्हाईक दारात उभं आहे. निवृत्तीचे मिळून ३६ लाख. त्यातले ३० गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, ६ मुदत ठेवीत आहेत. ईपीएसची पेन्शन महिना २,९००, घरखर्च २४ हजारांच्या आसपास. गेल्या मे महिन्यात काकूंना उन्हाचा झटका बसला, दोन दिवस सलाईनवर होत्या. तेव्हापासून काकांनी मनाशी धरलंय की गार हवा आणि भरपूर पाऊस असलेल्या मध्यम शहरात जायचं. खेडं नको, पुणं तर नकोच. यादीत कोल्हापूर, सातारा, बेळगाव, नाशिक. कोल्हापुरात ६२ लाखांचा टू बीएचके बघून ठेवलाय आणि महिनाअखेरीला एक लाख टोकन द्यायचंय. पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: ‘माझं आजोळ राधानगरी. तिथला पाऊस डोक्यातून जात नाही बघा.’

काका, ती ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेला माणूस, पण पत्रात फ्लॅटची किंमत आहे आणि तिच्या पुढचा खर्च कुठंच नाही. तो मी मांडतो.

६२ लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क सहा टक्के धरा, म्हणजे ३ लाख ७२ हजार. नोंदणीचे ३० हजार. एजंटाचा एक टक्का ६२ हजार. सामान हलवणं, किचन ट्रॉली, पडदे, ग्रिल, सोसायटीचं डिपॉझिट, सगळं मिळून साडेतीन लाख. हे झाले ७० लाख १४ हजार. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेलं नसेल तर वर पाच टक्के जीएसटी, तो मी धरलेलाच नाही. इकडं सोलापूरच्या घराचे ५२ लाख येतील, त्यातून इथल्या एजंटाचे ५२ हजार वजा. म्हणजे खिशातून जाणार १८ लाख ६६ हजार.

आता हे कुठून काढणार? मुदत ठेवीतले दोन लाख घ्या. उरलेल्या चार लाखांना दवाखान्यासाठी हात लावू नका. बाकीचे १६ लाख ६६ हजार बचत योजनेतून काढावे लागतील. तिथं अडचण अशी की या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, अख्खं खातंच बंद करावं लागतं. एक वर्ष झाल्यावर, पण दोन वर्षं व्हायच्या आत बंद केलं तर ठेवीच्या दीड टक्का कापतात. ३० लाखांवर ते ४५ हजार होतात. मग उरलेल्याचं नवीन खातं. आज तुम्हाला ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात, म्हणजे महिना २०,५००. नव्या खात्यात १३ लाखांच्या आसपास राहतील, त्यावर महिना जेमतेम नऊ हजार. पेन्शन धरून बारा हजार. खर्च चोवीस.

मुलगा देईल म्हणता. देईलही. पण आज तुम्ही त्याच्याकडं काही मागत नाही आणि उद्यापासून दर महिन्याला निम्मं घर तो चालवणार, हा निर्णय फ्लॅटपेक्षा मोठा आहे. पत्रात त्याच्या बायकोचा उल्लेखसुद्धा नाही.

कराचं तुम्ही एका वाक्यात उरकलंय: ‘बारा लाखांपर्यंत माफच आहे ना.’ नाही ओ. ती सूट पेन्शन-व्याजासारख्या नेहमीच्या उत्पन्नाला आहे, घर विकून झालेल्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ती लागत नाही. तुमचं घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असल्यामुळं तुम्हाला दोन वाटा आहेत. सरळ नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के. २००४-०५ चा निर्देशांक ११३, २०२५-२६ चा ३७६. त्यानं तुमचे ९ लाख जवळपास ३० लाख होतात, नफा २२ लाखांवर येतो आणि कर उपकरासकट साधारण ४ लाख ६० हजार. दुसऱ्या वाटेनं ५ लाख ६० हजार. निर्देशांकाची वाट लाखभरानं स्वस्त पडते. मागं वाढवलेल्या खोलीची बिलं जपून ठेवली असतील तर आणखी थोडा कमी.

विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर हा कर वाचवता येतो. तोवर नफ्याची रक्कम, विवरणपत्राची मुदत संपायच्या आत, बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायची. आणि नवीन घर तीन वर्षं विकायचं नाही, विकलं तर वाचवलेला कर अंगावर येतो. म्हणजे कोल्हापूर नाही मानवलं तरी तीन वर्षं बांधले गेलात. आणखी एक, तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की फ्लॅट काकूंच्या एकटीच्या नावावर घ्या, मुद्रांकात एक टक्का सुटतो. सुटतो, ६२ हजार वाचतात. पण विकलेलं घर तुमच्या नावावर आणि घेतलेलं त्यांच्या, मग सवलतीवर प्रश्न उभा राहू शकतो. ६२ हजारांसाठी साडेचार लाख पणाला लावू नका.

यातलं मुख्य एवढंच की घर विकलं त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. मग तुम्ही शहर निवडत नाही, मुदत पाळता. न विकलेल्या घराला घड्याळ नसतं.

बरं, आता शहरांकडं येऊ. तुम्ही ‘गार’ आणि ‘पावसाळी’ एकाच दमात लिहिलंय, ते दोन वेगळे प्रश्न आहेत. काकूंना त्रास कशाचा झाला? उन्हाचा. एप्रिल ते मृग, म्हणजे अडीच महिने. तेव्हा कोल्हापुरात पाऊस नसतो, वळीव पडला तर पडला. मे महिन्यात तिथंही पारा ३७-३८ वर जातो. आपल्या ४३ पुढं ते गार वाटतं आणि रात्री खरंच झोप लागते, हे मान्य. पण कोल्हापूर थंड आहे असं सोलापूरकरच म्हणतो, कोल्हापूरकर मे महिन्यात पन्हाळ्याला पळतो. नाशिकला हिवाळा छान, उन्हाळ्यात चाळिशी तिथंही गाठते, आणि पाऊस तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी. ते नाव यादीतून काढा.

साताऱ्याचा उन्हाळा कोल्हापुरासारखाच, किंचित सौम्य. शहराच्या पश्चिमेला कासकडं सरकलात की पाऊस दुप्पट होतो आणि पूर्वेला माण-खटावकडं गेलात की आपल्यासारखाच दुष्काळ. सगळी सह्याद्रीच्या धारेची करामत आहे. ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पुढं जाताजाता कोरडे पडतात. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटर, शिरोळला पाचशे-सहाशे, म्हणजे सोलापूरइतकाच. तुमची राधानगरीही घाटमाथ्यालगतच आहे. तिथला पाऊस कोल्हापूर शहरात शोधाल तर सापडायचा नाही.

चारांत खरं गार बेळगाव. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, पाऊसही भरपूर, बाजारात मराठी चालतं. पण खरेदीखत, सातबाऱ्याच्या जागी येणारे उतारे, सगळं कन्नडमध्ये. महाराष्ट्राच्या एसटीत काकूंना मिळणारं अर्धं तिकीट, रेशनकार्डावरची महात्मा फुले आरोग्य योजना, हे सुटतं. चाळिशीत असता तर मी ‘जा’ म्हटलो असतो.

तुमच्या फ्लॅटचा पत्ता वाचला. नागाळा पार्क म्हणताय. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ आहे. शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या काही भागात पाणी शिरलं होतं. सगळ्याच नागाळा पार्कात नाही. म्हणून गल्लीनं बोला, भागाच्या नावानं नको. महापालिकेच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते, त्यात तुमचा गट क्रमांक शोधायचा. २०२२ च्या उन्हाळ्यात एका अशिलाबरोबर मी तिथं एक बंगला बघायला गेलो होतो. मालकानं चहा दिला, आंबे कापून दिले, सगळं उत्तम. हॉलची भिंत मात्र खालून कमरेपर्यंत नवी पिस्ता रंगाची आणि वरची जुनी, त्याच रंगाची पण उन्हानं फिकी झालेली. दोन्हींच्या मध्ये पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ. आम्ही कुणीच काही बोललो नाही. आंबे संपवले आणि उठलो.

पावसाबद्दल माझ्या पदरचं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला दोन पावसाळे कोल्हापुरात काढलेत. पहिला जुलै स्वर्ग. दुसऱ्या आठवड्यानंतर गॅसच्या वर दोरी बांधून बनियन वाळवत होतो. आईनं सोलापूरहून कडक भाकरी पाठवल्या होत्या. आपल्याकडं त्या महिनाभर कुरकुरीत राहतात, तिथं डबा उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत पापडासारख्या वाकायला लागल्या. शेंगा चटणीला पांढरी बुरशी. ज्वारीला किडा. हे सगळं पंचविशीत मजेचं होतं. तुमच्या पत्रात काकूंच्या गुडघ्यांचाही उल्लेख आहे, म्हणून आठवलं. राधानगरीत तुम्ही दहा वर्षांचे होता, कपडे वाळवायला आजी होती.

मग मी काय करायला सांगतोय?

घर विकू नका. रो-हाऊस म्हणजे गच्ची तुमची स्वतःची, त्याचा फायदा घ्या. तीन किलोवॅटचं सौर छप्पर बसवायला साधारण दोन लाख, पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान ७८ हजार, म्हणजे तुमच्या खिशाला सव्वा लाखाच्या आत. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिट निघतात. ज्या उन्हाला शिव्या देताय तेच रात्री काकूंच्या खोलीतला एसी चालवील. एसीचे पंचेचाळीस हजार, गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप पंचवीस. एकूण दोन लाखांच्या आत, मुदत ठेवीतून. पाणी चार-पाच दिवसांआड येतं याला माझ्याकडं उपाय नाही. हौद मोठा करा, एवढंच.

आणि येता उन्हाळा बाहेर काढा. साताऱ्यात किंवा कोल्हापुरात ११ महिन्यांचा भाडेकरार, पण तीन महिन्यांनी एक महिन्याची सूचना देऊन सोडता येईल असं कलम आधी घालून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. भाडं बारा हजारांच्या आत बघा. मार्चच्या शेवटी जा, चार महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार जातील. सोलापूरच्या घराला कुलूप. शेजारच्यांकडं किल्ली असेलच. जुलैचे पहिले तीन आठवडे मुद्दाम तिथंच थांबा, ते माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचे. काकू सकाळी भाजीला एकट्या जातात का, त्यांना कुणी बोलायला मिळतं का, तुम्हाला रात्री-अपरात्री डॉक्टर कुठला, हे तेव्हा कळेल. तिथं जीव रमला तर परत या, मग विकायचं बोलू. त्या वेळी फ्लॅट ६२ चा नाही, ४५ च्या आतला शोधायचा, म्हणजे बचत योजनेच्या खात्याला फारसा धक्का लागणार नाही. आणि बहुधा असंही होईल की दर वर्षी एप्रिल ते जून तिथं, बाकी नऊ महिने इथं, गड्ड्याच्या जत्रेला आपल्या घरी. हे तुम्हाला वर्षाला पन्नास हजारांत पडेल. १८ लाख ६६ हजारांत असे सदतीस उन्हाळे बसतात.

गिऱ्हाईकाला सांगा, दिवाळीनंतर बघू. जुळे सोलापुरातलं रो-हाऊस आहे, एक गेलं तर दुसरं येईल.

महिनाअखेरीचं टोकन देऊ नका. तो फ्लॅट गेला तर जाऊ द्या. फारच मन ओढत असेल तर जुलैत तिथं असताना पाऊस सुरू असतानाच त्या इमारतीत जा. बिल्डरला फोन करू नका. समोरच्या किराणा दुकानदाराकडून चहापत्तीचं पाकीट घ्या आणि सहज विचारा, एकोणीस साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं म्हणून.