पहिल्याच दिवशी परत फिरलात म्हणून

"माझं वय 53, राहणार इंदूर. यजमानांना प्रवास नको वाटतो, म्हणून नोव्हेंबरात पहिल्यांदाच एकटी निघाले, चार दिवसांसाठी ग्वाल्हेरला. लहानपणी गाणं शिकले होते. आमचे गुरुजी ग्वाल्हेरचं नाव निघालं की कानाला हात लावायचे, म्हणून तेच गाव निवडलं. पहाटे उतरले. हॉटेलात सांगितलं, खोली बाराशिवाय मिळणार नाही. तोवर खाली सोफ्यावर बसून राहिले. खोली मिळाल्यावर आडवी झाले, ती संध्याकाळी साडेपाचला जाग आली. बाहेर अंधारून आलेलं. एकदम रडू कोसळलं. जेवायलाही उतरले नाही आणि रात्रीतच परतीचं तिकीट काढलं. घरी सांगितलं, पोट बिघडलं. आता मुलगी म्हणते, यापुढे ग्रुप टूरनंच जायचं. मला मात्र पुन्हा जावंसं वाटतं आणि त्या पहिल्या दिवसाची धास्तीही वाटते. एकटीनं फिरणं माझ्या स्वभावातच नाही का?"

ताई,

तुमच्या स्वभावाबद्दल या पत्रातून मला काहीच वाईट कळत नाही. कळतं ते एवढंच, की रात्रभर गाडीत धड झोप नाही, सकाळभर सोफ्यावर अवघडून बसणं, पोटात बहुधा काही नाही, आणि मग परक्या खोलीत ऐन कातरवेळी जाग. त्या वेळी स्वतःच्या घरातही जीव कासावीस होतो. तुम्ही थकलेल्या होतात, उपाशी होतात, आणि त्या अवस्थेत स्वतःचा निकाल लावून मोकळ्या झालात. तो निकाल मला मान्य नाही.

आणखी एक सांगते, कारण घर सांभाळलेल्या पुष्कळ बायकांचं हे होतं. वर्षानुवर्षं आपला दिवस दुसऱ्यांच्या वेळांवर चालतो: यांचा चहा, तिचा डबा, औषधाच्या गोळ्या. एकटीच्या सहलीत पहिल्याच दुपारी कुणालाच आपल्याकडून काही नको असतं. त्या मोकळेपणाचा आनंद व्हायला वेळ लागतो. आधी वाटते ती भीतीच. म्हणून पहिला दिवस मोकळा सोडायचा नाही आणि त्यात फार कोंबायचंही नाही.

मी ग्वाल्हेरच्याच लष्कर नावाच्या भागात वाढले, तेव्हा ग्वाल्हेरपुरतं नेमकं सांगू शकते. आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून सकाळी लवकर खोली द्याल का, असं स्पष्ट विचारा. रिकामी असली तर पुष्कळ ठिकाणी देतात, कधी थोडे पैसे जास्त घेतात. ते पैसे खुशाल द्या, या सहलीतला तो सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च. नाहीच जमलं, तर स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, कपडे बदलून सामान हॉटेलात ठेवा आणि गरम बेडई-भाजी खायला बाहेर पडा. सोफ्यावर बसायचं नाही. दुपारी झोपायचंच असेल, तर गजर लावून दीड तास. तीनला तुम्ही रस्त्यावर असायला हव्यात.

कुठे जायचं? किल्ल्यावर नाही. किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या पायांनी: उरवाई दरवाजानं गाडीतून वर, मग मानमंदिर महाल, सासबहूची देवळं, तेली का मंदिर, आणि जमलं तर गुजरी महालाच्या बाजूनं पायी खाली. पहिल्या दुपारी हजिरा भागात जा. सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघा, आणि त्याच आवारात तानसेनाची साधी, उघड्या चौथऱ्यावरची समाधी. शेजारच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं गाणारे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहेत. तुम्ही गाणं शिकलेल्या आहात. ज्या गायकीसाठी तुमचे गुरुजी कानाला हात लावत, ती इथल्या हद्दू-हस्सू खाँ या गवई भावांची. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि बुवांनी ती महाराष्ट्रात नेली. अशा जागी तुम्ही पाहुण्यासारख्या उपऱ्या नाही आहात. तिथे तासभर नुसतं बसा. गुणगुणावंसं वाटलं तर गुणगुणा.

दिवेलागणीला मात्र खोलीत परतायचं नाही. महाराज बाडा या गावातल्या मुख्य चौकात या. टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट, पोराबाळांसह आलेली माणसं. त्या गर्दीत एकटी बाई कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. हॉटेलात एकटीनं टेबल अडवून जेवायचा संकोच वाटत असेल, तर पहिल्या रात्री उभ्यानं कचोरी-चाट खा. गाडीवर सगळेच एकेकटे असतात. नया बाजारातले बहादुराचे लाडू घ्या, नऊपर्यंत खोलीवर या, मग झोप आपोआप येईल.

फोन दिवसातून दोनच, सकाळी आणि रात्री. यजमानांच्या गोळ्या यजमान घेतील. हॉटेलचं नाव आणि गाडीचा नंबर मुलीकडे असू द्या. अडचणीला 112, रेल्वेत 139. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत परतीच्या तिकिटाला हात लावायचा नाही. दोननंतरही जीव रमला नाही तर खुशाल परत या, त्यात कमीपणा नाही.

पण त्याआधी मुलीला खरं सांगा. पोट बिघडल्याचं सांगून तुम्ही तिच्या हातात पुढच्या वेळी अडवायचं कारण दिलं आहे. तिच्या मनात आता आजारी पडलेली आई आहे. तिला रडलेली आणि तरी पुन्हा निघालेली आई कळू दे. ग्रुप टूर वाईट नसते, पण गुरुजींचं गाव बघायला तुम्हाला पन्नास जणांच्या शिट्टीवर उठायचं नाही, हेही तिला मोकळेपणानं सांगा.

माझं ऐकाल तर डिसेंबरात या. तानसेन समारोह त्याच महिन्यात असतो. सकाळी समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगान, होऊन तो सुरू होतो, आणि संध्याकाळी गाणं. मैफिलीत शेजारचा माणूस एकटा आहे की दुकटा, हे कुणी बघत नाही. थंडी कडाक्याची असते, स्वेटर आणि शाल दोन्ही आणा. धुक्यानं गाड्या रेंगाळतात, म्हणून येण्याचा दिवस समारोहाच्या एक दिवस आधीचा धरा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि एकटीनं प्रवास करणाऱ्या 45 वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. तिकीट काढताना तो निवडा.