पारधी वस्तीतल्या मुलीची तक्रार ठाण्यात घेत नाहीत, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की परवा तेरा वर्षांच्या भाचीवर वस्तीबाहेरच्या माणसाने अत्याचार केला, ठाण्यात 'अर्ज देऊन जा, चौकशी करतो' म्हणाले आणि आता जातीचे पंच मिटवून घ्या म्हणताहेत. नागपुरात विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक म्हणून मी अशा घरच्यांसोबत ठाण्यात जाते, म्हणून सांगते.

अर्जाची पोच मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. एफआयआर मागा. त्यावर अपराध क्रमांक असतो आणि प्रत फुकट मिळते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून न घेणं हाच पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम २१ खाली गुन्हा आहे. 'आमची हद्द नाही' हेही चालत नाही, शून्य क्रमांकाने कुठल्याही ठाण्यात नोंद होते.

पारध्यांचं मात्र काउंटरवरच अडतं. मागे एका आईसोबत गेले होते. अंमलदाराने पेन उघडलं आणि पहिला प्रश्न टाकला, "नवरा काय करतो? त्याच्यावर केस आहे का?" मग, "इथं कधीपासून राहता?" मुलीचं नाव विचारायला बराच वेळ गेला. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्येच रद्द झाला, पण हे त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही! अशा वेळी भांडू नका आणि उत्तरंही देत बसू नका, नाहीतर चौकशी तुमचीच सुरू होते. एवढंच म्हणत राहा, "साहेब, आधी मुलीचं लिहून घ्या."

पोरीला ठाण्यात बसवून ठेवू नका. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला पीएसआयने, वर्दी न घालता. मघाच्या त्या आईच्या पोरीचा जबाब शेवटी अंगणवाडीतल्या चटईवर झाला. मॅडम सलवार-कमीजमध्ये आल्या, आजी शेजारी बसली. पोरगी मराठीत सुरू झाली आणि अवघड जागी आली तशी घरच्या बोलीत बोलायला लागली. दुभाषी मागता येतो, तो तुम्ही मागाच. पण पंचांपैकी कोणाला दुभाषी म्हणून बसवू नका.

एफआयआर अडला तरी वैद्यकीय तपासणी अडत नाही. आजच मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात न्या, महिला डॉक्टर मागा. त्या दिवशीचे कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा. 'अंगावर खुणा नाहीत' म्हणून कोणी हिणवलं तर घाबरू नका. १९७२ मध्ये आपल्या शेजारच्या देसाईगंजला ठाण्यातच आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने जखमा नाहीत वगैरे कारणं देऊन त्यांना सोडलं. त्यावर देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तुमच्या भाचीचं वय अठराच्या आत आहे, तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही.

तरीही नाही म्हणाले, तर तीच तक्रार लेखी करून परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आरोपी एससी-एसटी नसेल तर ॲट्रॉसिटीची कलमंही लावायला सांगा, कारण महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. जातीचा दाखला हाताशी नसला तरी एफआयआर थांबत नाही, कलम नंतर वाढवता येतं.

पंचांना मिटवण्याचा अधिकार नाही. पैसे घेतले तरी गुन्हा मिटत नाही, वर मुलगी 'फिरली' असं वकील म्हणायला मोकळे. वाळीत टाकायची धमकी दिली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीही त्याच तक्रारीत लिहा.

मनोधैर्य या पीडितांना पैशाची मदत देणाऱ्या सरकारी योजनेसाठी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे एफआयआरची प्रत लागेल, म्हणून ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.